सारस्वत मुहूर्त आणि जात्यावरची ओवी : दैनंदिन जीवनातील निर्मिती-अवकाशाचा विचार
(विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रास्ताविक

साहित्याच्या निर्मितिप्रक्रियेची चर्चा मराठी समीक्षेत मुख्यतः प्रतिभेच्या स्वरूपाभोवती फिरत राहिली आहे. प्रतिभा जन्मजात की संस्कारजन्य, स्फूर्ती ही दैवी देणगी की अबोध मनाचा व्यापार, कवी लिहितो की त्याच्याकडून लिहिले जाते, या प्रश्नांवर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. मात्र ज्याचे उत्तर शोधण्यास तत्त्वज्ञान लागत नाही, साधे घड्याळही पुरते, असा एक प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. निर्मिती करणाऱ्या माणसाला दिवसाच्या चोवीस तासांतून नेमका कोणता वेळ मिळतो? तो कोणाच्या संमतीने मिळतो आणि कोणाच्या श्रमावर उभा राहतो? स्वतःच्या अंतर्मनाचा कौल ऐकण्यासाठी थोडी शांतता लागते हे सर्वमान्य आहे. पण ही शांतता समाजात कशी वाटली गेली आहे, हे पाहिले जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार बीड जिल्ह्यातील दोन परंपरांच्या आधारे केला आहे. एक परंपरा अंबाजोगाईच्या दासोपंतांची, ग्रंथलेखनाची आहे. दुसरी जात्यावर दळणाऱ्या स्त्रियांची, मौखिक रचनेची आहे. या दोहोंना जोडणारा दुवा मात्र संस्कृत काव्यशास्त्रात, दहाव्या शतकाच्या आसपासच्या एका ग्रंथात सापडतो.

राजशेखराची कविचर्या

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथाचा ‘कविरहस्य’ हा अठरा अध्यायांचा एकच भाग आज उपलब्ध असून तो १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून प्रसिद्ध झाला. राजशेखर कनोजच्या प्रतिहार दरबारातील कवी असला तरी त्याच्या यायावर कुळाचे नाते महाराष्ट्राशी जोडलेले आहे. या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात त्याने कवीच्या दिनचर्येचे जे वर्णन केले आहे, ते भारतीय काव्यशास्त्रात जवळपास एकमेव म्हणावे लागेल. रस, ध्वनी, रीती यांची चर्चा करणारे आचार्य पुष्कळ झाले. कवीने सकाळी उठल्यावर काय करावे, हे सांगणारा विरळाच.

राजशेखर कवीच्या दिवसाचे व रात्रीचे प्रत्येकी चार प्रहर पाडतो. सकाळी नित्यकर्म व सरस्वतीस्तवन उरकून पहिला प्रहर विद्याभ्यासाचा, दुसरा काव्यरचनेचा. मध्यान्हीच्या स्नान-भोजनानंतर काव्यगोष्ठी. चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेची चिकित्सा, कारण रचताना कवीची दृष्टी भावनेने आंधळी झालेली असते, हे त्याला ठाऊक आहे. रात्री शुद्धलेखन, मग निद्रा आणि शेवटच्या प्रहरी जाग. कवीचे घर कसे असावे हेही तो सांगतो. सर्व ऋतूंना साजेशी निवासस्थाने, बाग, जलाशय, पक्षी, लेखनसाहित्याची पेटी, शिवाय नोकरांनी व दासींनी कोणत्या भाषा बोलाव्यात याचेही नियम. हे वर्णन वाचताना आजच्या वाचकाला किंचित हसू येणे स्वाभाविक आहे. मोर आणि सरोवर पदरी असलेल्या कवीला स्फूर्तीची चिंता ती कसली, असे मनात येते.

परंतु राजशेखराचे खरे महत्त्व त्याने केलेल्या कवींच्या वर्गीकरणात आहे. काव्यनिर्मितीसाठी उपलब्ध असलेला वेळ हाच निकष मानून तो कवींचे चार प्रकार करतो. गुहेत किंवा तळघरात शिरून अखंड निष्ठेने रचना करणारा तो ‘असूर्यंपश्य’. तशी व्रतस्थ वृत्ती नसतानाही काव्यात गढून जाऊन रचणारा तो ‘निषण्ण’. या दोघांना सर्वच काळ मोकळा असतो. चाकरी वगैरे कर्तव्यांना बाध न आणता उरलेल्या वेळात रचणारा तो ‘दत्तावसर’. आणि एखादा प्रसंग वा निमित्त समोर ठेवून रचणारा तो ‘प्रायोजनिक’. यांतील तिसरा प्रकार प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने कळीचा आहे. दत्तावसर कवीला दिवस मोकळा नसतो; त्याला काही मोजके क्षणच दिलेले असतात. राजशेखर ते क्षण मोजून सांगतो. भोजनोत्तर स्वस्थतेचा वेळ, पालखीतून प्रवास करतानाचा वेळ असे काही, आणि त्यांत अग्रस्थानी रात्रीच्या चौथ्या प्रहराचा अर्धा भाग. या अर्ध्या प्रहराला तो ‘सारस्वत मुहूर्त’ असे नाव देतो. आजच्या हिशेबाने तो सुमारे दीड तासाचा अवधी होतो.

महाविद्यालयीन अध्यापक हा बहुतांशी दत्तावसर वर्गातला, हे येथे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही. २०१० नंतर शोधनिबंधांना गुण देण्याची पद्धत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतून रूढ झाल्यापासून त्यातील अनेकांची रवानगी प्रायोजनिक वर्गात झाली, हा भाग वेगळा.

याच ग्रंथात राजशेखराने आणखी एक विधान केले आहे. पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात. कारण संस्कार हा आत्म्याशी निगडित असतो, तो स्त्री-पुरुष असा भेद जाणत नाही, असा त्याचा आशय आहे. आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची काव्यशास्त्रीय मते त्याने आदराने उद्धृत केली आहेत. मात्र अशा स्त्रीकवीची दिनचर्या कशी असावी, तिच्यासाठी कोणता प्रहर राखून ठेवावा, याविषयी तो काही सांगत नाही. ही उणीव पुढे मराठी स्त्रियांनी, राजशेखराचे नावही न ऐकता, आपल्या पद्धतीने भरून काढली.

दासोपंतांची पासोडी

अंबाजोगाई हे बीड जिल्ह्याचे वाङ्मयीन केंद्र होय. शके १११० (इ. स. ११८८) मधील ‘विवेकसिंधु’चा कर्ता मुकुंदराज याची समाधी येथे दाखवली जाते. ते अंबानगर हेच की विदर्भातील आंभोरे, हा वाद संशोधकांत जुना आहे आणि येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. दासोपंतांविषयी (१५५१–१६१५) मात्र स्थळाचा असा वाद नाही. बीदरच्या राजवटीतील देशपांडे घराण्यात जन्मलेला हा दत्तभक्त कवी पुढे अंबाजोगाईस स्थिरावला व येथेच त्याची समाधी झाली. गीतेवरील ‘गीतार्णव’ ही त्याची टीका परंपरेनुसार सव्वा लाख ओव्यांची आहे. एका माणसाने आयुष्यात इतके लिहावे, यासाठी लेखन हा त्याचा नित्याचा व्यवसाय असला पाहिजे. दासोपंतांना रोज एक ढब्बू पैशाची शाई लागत असे, ही आख्यायिका म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. साधारणतः संतकवींच्या आख्यायिका चमत्काराच्या असतात. येथे चमत्कार आहे तो शाईच्या खर्चाचा! लोकमानसाने या कवीची थोरवी एका रोजच्या हिशेबात साठवून ठेवली.

दासोपंतांची ‘पासोडी’ तर सर्वश्रुत आहे. सुमारे चोवीस हात लांब व अडीच हात रुंद अशा जाड सुती कापडावर त्यांनी पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांच्या परस्परमिश्रणातून देह व विश्व कसे घडते याचा, विषय ओव्यांत व आकृत्यांत मांडला. पासोडी म्हणजे अंगावर पांघरण्याचे जाडेभरडे वस्त्र. घरातल्या वापराची वस्तू ग्रंथ झाली. ती एकट्याने हातात धरून वाचता येत नाही. पसरावी लागते, तिच्या कडेने सरकत जावे लागते. वाचन ही येथे शरीराची हालचाल होते. अद्वैताचा अत्यंत सूक्ष्म विषय इतक्या जाड कापडावर का उतरावा, याचे समाधानकारक उत्तर केवळ टिकाऊपणात शोधणे अपुरे वाटते. ज्या कवीचे लेखन रोजच्या दिवसात मिसळलेले होते, त्याला रोजची वस्तू लेखनासाठी परकी वाटली नाही, असे म्हणणे अधिक संयुक्तिक ठरेल.

दासोपंत गृहस्थाश्रमी होते. परंतु त्यांची लेखनचर्या राजशेखराच्या ‘निषण्ण’ कवीच्या जवळ जाणारी आहे. सर्व काळ त्यांचाच आहे. हा काळ त्यांना कोणी दिला? या प्रश्नाचे उत्तर चरित्रग्रंथ देत नाहीत. सोळाव्या शतकातील कोणत्याही घराप्रमाणे दासोपंतांच्या घरीही पहाटे जाते फिरत असणार आणि ते फिरवणारे हात लेखणी धरणारे नसणार, एवढे अनुमान करण्यास हरकत नाही. रोजची शाई परंपरेने मोजली. रोजचे दळण कोणी मोजले नाही.

जाते : वेळ, श्रम आणि रचना

सारस्वत मुहूर्ताचा जो काळ राजशेखराने सांगितला, तोच नेमका मराठवाड्यातील दळणाचा काळ होय. कोंबडा आरवण्यापूर्वी उठून दिवसाच्या भाकरीपुरते पीठ काढायचे आणि उजाडल्यावर पाणी, शेण, चूल, शेत यांच्या मागे लागायचे, हा येथील स्त्रीचा शतकानुशतकांचा क्रम होता. बीड जिल्ह्याचे मुख्य अन्न ज्वारी-बाजरीचे. बाजरीचे पीठ फार दिवस राहिले की कडवट होते, म्हणून ते आठवड्याचे एकदम दळून ठेवता येत नाही. म्हणजे जात्यावरचा तास रोजचा होता आणि तो टाळता येण्याजोगा नव्हता. नित्य, ठरलेला आणि अपरिहार्य असा हा वेळ होता. कोणत्याही लेखकाने स्वतःसाठी मागावा अशीच ही वेळेची तीन लक्षणे आहेत, फक्त ती येथे सक्तीच्या रूपाने आली.

या तासाची रचना पाहण्यासारखी आहे. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे वैरायचे. जाते जड असेल तर समोरासमोर दोघी बसतात. हात सवयीने चालतात, डोळ्यांना काम नसते, घरातले पुरुष व लहानगी झोपलेली असतात. इंग्रज विचारवंत ग्रॅहॅम वॉलस याने १९२६ मध्ये निर्मितीच्या चार अवस्था सांगितल्या : पूर्वतयारी, उबवण, उजाडणे आणि पडताळणी. यांतील उबवणीसाठी मन विषयावरून सैल सुटावे लागते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांना उत्तम कल्पना उन्हाच्या दिवशी टेकडी हळूहळू चढताना सुचत, याचा दाखला वॉलस देतो. युरोपीय विद्वानाला यासाठी फिरायला जावे लागले. जात्यावरच्या स्त्रीला जागेवर बसून तेच साधता आले, याचे कारण वर्तुळाकार श्रमाने तिचे शरीर गुंतवले आणि मन मोकळे सोडले. अर्थात हेल्महोल्ट्झ मनात आले की टेकडी उतरू शकत होते, हा फरक विसरून चालणार नाही.

ओवीच्या घडणीतही हा अवकाश कोरलेला दिसतो. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते. पुष्कळ ओव्यांत पहिली ओळ परंपरेने दिलेली, सर्वांच्या ओठांवरची असते. दुसऱ्या ओळीत गाणारी स्वतःचे काही घालते. ओळी घोळवून, ‘बाई’, ‘गं’ यांसारखे शब्द मधे टाकून, पुन्हा पुन्हा म्हटल्या जातात. समोरची तीच ओळ उचलते. समीक्षकांनी या पुनरावृत्तीकडे लयीचे साधन म्हणून पाहिले आहे आणि ते खरेच आहे. परंतु तिचे आणखी एक कार्य आहे : पहिली ओळ घोळत असताना गाणारीला दुसरी ओळ सुचण्यास वेळ मिळतो. मौखिक रचनेत कागद नाही, खोडरबर नाही, थांबून विचार करण्याची सोयही नाही, कारण हात थांबला तर पीठ थांबते. म्हणून थांबण्याची जागा रचनेच्या आतच तयार केली गेली. ओवीचे पालुपद हा विचार करण्यासाठी राखलेला अवकाश आहे. छंदशास्त्राच्या पुस्तकांत अक्षरसंख्या मिळते, हे मिळत नाही.

व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९२८ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थिनींसमोर दिलेल्या व १९२९ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत, लिहिणाऱ्या स्त्रीला स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत, असे प्रतिपादन केले. मराठी स्त्रीवादी समीक्षेत हा संदर्भ इतक्या वेळा येतो की त्याचे आता पाठांतर झाले आहे. माजलगाव किंवा पाटोदा तालुक्यातील स्त्रीला खोली नव्हती आणि पौंडही नव्हते. तिच्याकडे ओसरीचा किंवा माजघराचा एक कोपरा आणि अर्धा प्रहर होता, आणि तोही दळणाच्या नावाखाली. ती गाते म्हणून तिला कोणी रागावू शकत नव्हते, कारण पीठ तर सगळ्यांनाच हवे होते. कामाचे निमित्त हीच तिच्या खोलीची भिंत होती. वूल्फ यांचे म्हणणे यामुळे खोटे ठरत नाही. पण अवकाश जागेचाच असतो असे नाही, वेळेचाही असतो. आणि जिला तो उघडपणे मागता येत नाही ती तो कामाच्या पोटात दडवते, एवढी भर त्यात घालावी लागते.

संत जनाबाईंचे गंगाखेड बीडच्या शेजारी, परभणी जिल्ह्यात आहे. दळण-कांडणात देवाला सोबतीला ओढणारी त्यांची रचना या परंपरेचे संतवाङ्मयात उमटलेले रूप होय. बहिणाबाई चौधरी यांची (१८८०–१९५१) खानदेशातील कविता हीही याच घरातली. मुलाने ती टिपून ठेवली म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकात आली. न टिपलेल्या बहिणाबाई किती, हा प्रश्न विचारून समीक्षा बहुधा हळहळते आणि पुढे जाते.

अंतर्मनाचा कौल

ओवीचा विचार करताना विरेचनाचा सिद्धान्त नेहमी पुढे केला जातो. सासुरवाशिणीने मनातली मळमळ जात्यापुढे ओकली, मन हलके केले आणि ती पुन्हा कामाला लागली, असा हा युक्तिवाद आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा जो मौलिक संग्रह केला, त्याच्या वाचनातूनही पुष्कळांनी स्त्रीहृदयाची कोमलता तेवढी उचलली. ताराबाई भवाळकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या दृष्टीला छेद देऊन लोकपरंपरेतील स्त्रीचा स्वतंत्र आत्मस्वर दाखवून दिला. तो छेद येथे पुढे नेणे आवश्यक वाटते. विरेचनाने मन रिकामे होते. परंतु जात्यावर मन केवळ रिकामे झाले की तेथे काही ठरलेही?

ओव्यांत जात्याला देव म्हटले जाते, डोंगरातला ऋषी म्हटले जाते, त्याच्यापाशी जीवीचे गुज बोलले जाते. येथे एक लक्षणीय फरक दिसतो. संतपरंपरेत अंतःप्रेरणा बहुधा वरून येते. तुकारामांना स्वप्नात नामदेव काव्याची आज्ञा करतात. शिऊरच्या संत बहिणाबाईंना (१६२८–१७००) स्वप्नात तुकारामांचा अनुग्रह होतो आणि त्या बळावर त्या पतीच्या विरोधापुढे टिकतात. एकान्तासाठी तुकारामांना भंडाऱ्याचा डोंगर होता. जात्याचा देव मात्र आज्ञा करीत नाही, तो नुसता ऐकतो. गाणारी स्वतः बोलते, तेच पुन्हा म्हणते, म्हणताना स्वतःचे ऐकते आणि समोरच्या सोबतिणीच्या तोंडून तेच परत ऐकते. कौल बाहेरून लागत नाही. तो या ऐकण्यात तयार होतो. सीतेच्या वनवासाच्या ओव्यांत रामाला दोष देण्याचे धैर्य याच ठिकाणी गोळा झाले. पुराणिकाच्या पाटासमोर ते गोळा झाले नसते.

या विधानाला सर्वांत भक्कम पुरावा बीड जिल्ह्यातच मिळतो. गी पॉइतवाँ (१९३४–२००४) व हेमा राईरकर (निधन २०१०) यांनी पुण्याजवळच्या डोंगरी भागातील गरीब स्त्रियांच्या संघटनकार्यातून १९८०च्या दशकात ओव्यांच्या संकलनास आरंभ केला. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले. हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांवर गायिकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यातून जमा झाल्या. संगणकतज्ज्ञ व संगीत-अभ्यासक बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रणाची व सूचीची बाजू सांभाळली आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या अभिलेखागाराने हा ठेवा क्रमशः प्रकाशित केला. प्रत्येक ओवीसोबत गायिकेचे नाव व गाव नोंदलेले आहे, ही या संकलनाची मोठी शिस्त. ‘अनामिक लोकप्रतिभा’ या गोंडस शब्दामागे आजवर लपलेल्या कवयित्री तेथे नावानिशी उभ्या राहतात.

या संकलनासाठी १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगर वस्तीत ध्वनिमुद्रण झाले. तेथील दलित स्त्रियांनी गायिलेल्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत, बुद्ध आहे, रमाई आहे. छंद तोच, घोळवण तीच, संबोधने त्याच घरगुती नात्यांची. ज्या जागी विठ्ठल किंवा राम येत असे, त्या जागी भीमराव आला. हा बदल कोणा शाहिराने शिकवला, कोणा पक्षाने छापून वाटला म्हणून झाला, असे म्हणणे अपुरे आहे. आंबेडकरी जलसे व भीमगीते यांचा प्रभाव उघड आहे. पण सभेत ऐकलेले गाणे आणि पहाटे जात्यावर स्वतःच्या ओळीत ओवलेले गाणे यांत अंतर असते. ओवीची पहिली ओळ परंपरेची असते, असे वर म्हटले. येथे गाणारीने ती पहिली ओळच बदलली. १९५६च्या धर्मांतराने जो निर्णय समूहाने जाहीरपणे घेतला, तो त्या स्त्रियांनी अर्ध्या प्रहराच्या एकान्तात पुन्हा, आपल्या शब्दांत, आपापल्या नात्यागोत्यात घेतलेला दिसतो. विरेचनाच्या सिद्धान्ताला याचे स्पष्टीकरण देता येत नाही. मळमळ ओकून जुने जगणे सुसह्य करणारी कविता देव बदलीत नाही.

दासोपंतांनी पंचीकरण पासोडीवर लिहिले तेव्हा सिद्धान्त आधीच सिद्ध होता. कवीने त्याला घरगुती वस्त्र दिले. भीमनगरच्या ओवीत घरगुती वस्त्र आधीच होते, सिद्धान्त नवा आला. वाङ्मयीन मोलाची तुलना करायची तर समीक्षेला दुसऱ्या कृतीला किमान पहिलीइतके स्थान द्यावे लागेल. अभ्यासक्रमांत मात्र पहिली ‘प्राचीन मराठी वाङ्मय’ या शीर्षकाखाली येते व दुसरी ‘लोकसाहित्य’ या ऐच्छिक प्रश्नपत्रिकेत.

गिरणी, कोयता आणि हरवलेला अर्धा प्रहर

येथे एक आक्षेप उद्भवतो व तो रास्त आहे. जात्याचे गुणगान हे श्रमाचे उदात्तीकरण ठरते. दळण हे कष्ट होते. गरोदर, आजारी, उपाशी स्त्रीलाही ते चुकले नाही. स्वतः ओव्यांतच हाताला आलेल्या फोडांची, आटलेल्या अंगाची गाऱ्हाणी आहेत. गावात गिरणी आली तेव्हा स्त्रियांनी जाते सोडले, ते कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, सुटकेच्या भावनेने सोडले. ज्यांनी कधी दळले नाही त्यांनी जात्याबद्दल गहिवरू नये, हे बरे.

मात्र गिरणीने जो तास मोकळा केला तो कोठे गेला, हा प्रश्न आक्षेप मान्य केल्यानंतरही उरतो. हिशेबाने पाहता तो तास स्त्रीचा व्हायला हवा होता. तसे झाले नाही. काम संपले आणि कामाबरोबर निमित्तही संपले. पहाटे चार वाजता दळणारी स्त्री गाऊ शकत होती. पहाटे चार वाजता काहीही न करता बसलेली स्त्री घराला दिसतच नाही, दिसली तर तिला काम सांगितले जाते. वेळ मोकळा होणे आणि वेळ मालकीचा होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला ऊसतोडीचे परिमाण आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजली जाते. मोजणीतच स्त्रीचा स्वतंत्र आकडा नाही, तेथे तिच्या स्वतंत्र वेळेची गोष्ट दूरच. पहाटे, म्हणजे पुन्हा त्याच सारस्वत मुहूर्ताला, ती कोपीवर चूल पेटवते, भाकरी बांधते आणि उजाडण्याआधी फडात उतरते. मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहून गाडी भरणे हे रात्रीपर्यंत चालते. २०१९ मध्ये येथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. खाडा परवडत नाही म्हणून शरीरच बदलून घ्यावे, इथपर्यंत वेळेची टंचाई पोहोचली होती. या दिनक्रमात दत्तावसर म्हणावा असा अवसर शोधूनही सापडत नाही. फडावरचे काम जात्यासारखे मनाला मोकळे सोडणारेही नाही. कोयत्याची धार, उसाची पाती आणि वाहनाच्या खेपेची घाई लक्ष वेधून धरते.

कार्तिकातला काकडा हा गावातील पहाटेच्या सामूहिक गायनाचा अजून टिकून राहिलेला प्रसंग. स्त्रिया त्याला जातात, आणि देवळाचे निमित्त जात्याच्या निमित्तासारखेच बिनविरोध असते. बीड जिल्ह्यात सप्ताहांची व कीर्तनांची परंपरा दाट आहे. पण काकड्याचा महिना आणि टोळ्या निघण्याचा काळ एकच येतो. देवळात त्या पहाटे कोण असते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोण असते, याची विभागणी जमिनीच्या मालकीप्रमाणे होते. निर्मितीचा अवकाश हा म्हणूनच व्यक्तीच्या इच्छाशक्तीचा विषय राहत नाही. ‘रोज स्वतःसाठी थोडा वेळ काढा’ असा उपदेश करणारी पुस्तके आज मराठीत मुबलक निघतात व खपतात. त्यांतील वाचक कोण, हे गृहीत धरलेले असते. राजशेखर निदान प्रामाणिक होता. त्याने मोरांसकट नोकरांचीही यादी दिली.

ऊसतोड स्त्रियांच्या तोंडी आज काय आहे, याचे पद्धतशीर संकलन जात्याच्या ओव्यांच्या तोडीने झालेले नाही. कोपीवर रात्री, गाडीवर, परतीच्या प्रवासात काही गुणगुणले जाते का, मोबाइलवर ऐकलेल्या चालीत स्वतःचे शब्द बसवले जातात का, जुनी ओवी आठवते ती आजीच्या तोंडची की स्वतः बदललेली, हे विचारायला हवे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांतून याच टोळ्यांमधील मुलेमुली शिकतात. प्रकल्पलेखनासाठी त्यांना आजही ‘लोकगीतातील स्त्रीजीवन’ हा विषय दिला जातो व ते छापील संग्रहांतून उतारे काढून आणतात. त्याऐवजी आईच्या एका दिवसाची, पहाटेपासून रात्रीपर्यंतची, तासागणिक नोंद करायला सांगावी आणि ती बोलली, गुणगुणली किंवा गप्प बसली तो क्षण त्या नोंदीत वेळेसह लिहायला सांगावा. गाव, नाव, वय यांच्या जोडीला ‘वेळ’ हा रकाना आजवरच्या संकलनपत्रकांत नव्हता. तो छापून घेण्यास फारसा खर्च नाही, आणि टोळ्या परततात तो उन्हाळ्याच्या सुट्टीचाच काळ असतो.